शहाण्याने कोर्टाची पायरी...

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे मी जन्मभर वर्गात सांगितले. पण २००५ साली हर्ष पाठक या वकिलांनी जाहिरातींच्या नकोशा फोनांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २००७ मध्ये 'ट्राय'चे नियम आले, 'फोन नको' म्हणणाऱ्यांची देशभराची नोंदवही सुरू झाली. पुढे तक्रारीला १९०९ हा क्रमांकही मिळाला.

फोन मात्र थांबले नाहीत. परवा दुपारी इथे अनसिंगला जरा डोळा लागला, तोच कर्जवाल्याचा फोन! त्यासाठी मी वाशीमला जाऊन वकील गाठायचा का? नाही. खटला एकाने सर्वांसाठी लढावा; नियम पाळायला लावणे सरकारचे काम. आपण न कंटाळता तक्रार तरी करावी. मी केली. तुम्ही करता का?