तळटीप : उमाजी नाईक आणि कंपनी सरकार

उमाजी नाईक (१७९१–१८३२) हे पुरंदर किल्ल्याच्या परिसरातील भिवडी गावचे रामोशी पुढारी होत. गडाची व गावाची राखण करायची आणि त्याबदल्यात वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्काचा मोबदला, घ्यायचा ही रामोशांची वहिवाट १८१८ नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात मोडकळीस आली, आणि पुणे प्रांतातील त्यांच्या उठावांचे मूळ लूटमारीच्या हौसेपेक्षा या हक्कभंगातच अधिक शोधावे लागते. कंपनीने उमाजींना मध्यंतरी माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावर घेतले, तथापि हा सलोखा टिकला नाही. उमाजींनी पुन्हा उठाव केला, डिसेंबर १८३१ मध्ये ते पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी देण्यात आली. त्यांच्याविरुद्धच्या मोहिमेवर असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यानेच १८३३ मध्ये रामोशांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केल्यामुळे, उमाजींसंबंधीची बरीचशी तपशीलवार माहिती शत्रुपक्षाच्याच लेखणीतून आलेली आहे.