परवडणारें शिवणयंत्र

माझ्या कन्येस घरच्या घरीं पोलकीं, परकर व लेंकरांचीं झबलीं शिवण्यासाठीं एक यंत्र घ्यावयाचें आहे. सीताबर्डीवरील दोन-तीन दुकानें हिंडून आल्यावर तिनें मला विचारलें, "बाबा, यांतलें आपल्याला परवडणारें कोणतें?" मी इतिहासाचा अध्यापक, कापडास कात्री कशी लावावी हेंही मला ठाऊक नाहीं. परंतु प्रश्न ऐकतांच ध्यानांत आलें, कीं तो मुळींच नवा नव्हे. या यंत्राचा सारा इतिहास परवडण्या-न परवडण्याभोंवतींच फिरत आलेला आहे.

फ्रान्समध्यें तिमोनिये नांवाच्या शिंप्यानें १८३० सालीं आपल्या यंत्राचें पेटंट मिळविलें व पॅरिसांत लष्करी गणवेष शिवण्याचा कारखाना काढिला. तेव्हां पोटावर पाय येईल या भयानें तेथील शिंप्यांनीं यंत्रें मोडून टाकिलीं. पुढें अमेरिकेंत एलियास हौ यानें टोंकाशीं छिद्र असलेली सुई व खालून दुसरा दोरा नेणारा धोटा यांची जोड घालून १८४६ सालीं पेटंट घेतलें. १८५१ मध्यें आयझॅक सिंगर या पूर्वाश्रमीच्या नटानें आपलें अधिक सोयीचें यंत्र पुढें आणिलें. तथापि त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आटोक्याबाहेरची होती. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क यानें १८५६ च्या सुमारास थोडी रक्कम आधीं व बाकीची मासिक हप्त्यांनीं घेण्याची प्रथा पाडिली, आणि मग यंत्र मध्यम स्थितीच्या घरांत शिरलें. कारखानदारांनीं आपसांत वाटून घेतलेल्या पेटंटांची मुदत १८७७ सालीं संपली, तेव्हां किंमती आणखी उतरल्या.

योगायोग असा, कीं त्याच सालच्या १ जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी आपल्या नागपुरांत सुरू झाली. ती गिरणी आज बंद आहे. रेल्वे येथें १८६७ सालींच आली होती. कापड गिरणींतून निघूं लागलें, पण तें शिवणार कोण? आपल्याकडे लुगड्यास व धोतरास शिवण लागत नसे. गोधडी व चोळी यांपुरती सुई बायकांच्या हातीं असे. बाकीचें शिवणकाम हें शिंप्याचें. म्हणून हिंदुस्थानांत यंत्र प्रथम शिंप्याच्या ओट्यावर बसलें. सिंगर कंपनीचा येथील व्यापार मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल यांनीं दीर्घकाळ संभाळिला. पुढें पोलकीं, झंपर व शाळेचे पोशाख रूढ झाले, तसें यंत्र ओट्यावरून माजघरांत आलें.

माजघरांत येतांना त्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन काढिलें. तेथें शिवणाचा वर्ग हा केवळ गृहकृत्याचा भाग नव्हता. ज्या स्त्रीस दुसरा आधार नाहीं तिच्या हातीं चार पैसे यावेत, हा त्याचा हेतु होता. १९२७ सालीं नागपुरांतही सेवासदन स्थापन झालें. यंत्रांविषयीं साशंक असलेल्या गांधीजींनीं देखील १९२४ सालीं एका संभाषणांत शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरनें तें शोधलें, अशी त्यांची समजूत होती. वस्तुस्थिति इतकी कोमल नाहीं. सिंगरची दृष्टि पैशावर होती. परंतु बाईच्या बोटांचे श्रम हलके करणारें यंत्र, ही गांधीजींची पारख खोटी नव्हती. मग हीं यंत्रें करणाऱ्या कारखान्याचें काय, असें विचारतां, तो राष्ट्राच्या मालकीचा किंवा सरकारी नियंत्रणाखालचा असावा, असें त्यांनीं सांगितलें. प्रत्यक्षांत १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्याच्या खासगी जय इंजिनिअरिंग कारखान्यांतून 'उषा' यंत्र निघूं लागलें आणि परदेशी मालाची मक्तेदारी सैल झाली.

आतां थोडें घरचें. माझी एक विधवा आत्या महालांतील आमच्या वाड्यांत राहत असे. तिनें हट्टानें एक हातमशीन हप्त्यानें घेववलें. वडील त्यास वेळ घालविण्याचें साधन म्हणत. दुपारभर त्याची घरघर चाले, आणि शेजारपाजारचे झगे शिवून मिळालेले पैसे बिस्किटांच्या डब्यांत पडत. मी महाविद्यालयांत गेलों तेव्हां पहिल्या वर्षाची फी त्या डब्यांतून निघाली. वडिलांच्या पश्चात् त्यांच्या हिशेबाच्या वह्या मीं चाळल्या. यंत्राचा प्रत्येक हप्ता खर्चाच्या बाजूस लिहिलेला आहे; आत्याचा एक रुपयाही जमेच्या बाजूस नाहीं. कागदावर नाहीं तें घडलेंच नाहीं, असें मानण्याची खोड आम्हां इतिहासवाल्यांस असते. त्या वहीपुढें मला तिची लाज वाटली.

म्हणून कन्येस मीं सांगितलें, कीं किंमतीची चिठ्ठी शेवटीं पाहा. आधीं पातळ मलमल व चारपदरी जाड कापड दोन्हीं त्यावर स्वतः शिवून पाहा. खालच्या दोऱ्याचे फांस पडतात कीं काय, तें उलटून पाहा. सुया, बॉबिन व पट्टा कोणत्याही बाजारांत मिळतील आणि दुरुस्त करणारा गांवांतच असेल, असें घे. सरळ टांक्याचें साधें यंत्र, जुनें असलें तरी चालेल. विजेवरचें, नाना नक्षी काढणारें हवें असेल तर त्या नक्षीची गरज किती, हें आधीं ठरव. शिवणार तूं आहेस, तेव्हां निवडही तुझीच.

आणि यंत्र घरीं आल्यावर एक वही घाल. तिच्या खर्चाच्या बाजूस यंत्राची किंमत लिही. पण घरीं शिवलेल्या प्रत्येक पोलक्याची शिलाई जमेच्या बाजूस लिहावयास विसरूं नकोस. वर्षअखेर दोन्ही बाजूंची बेरीज केलीस, म्हणजे परवडणारें कोणतें याचें उत्तर तुझें तुलाच मिळेल.