कंपवातसदृश विकारांचे विभेदक जैवचिन्हक

कंपवात ऊर्फ पार्किन्सन रोग आणि त्याच्यासारखाच ताठरपणा व मंदपणा आणणारे, पण अधिक वेगाने बळावणारे दोन विकार, मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी म्हणजे एमएसए व प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी म्हणजे पीएसपी, यांतील फरक रुग्णाच्या हयातीत ओळखण्यास मदत करणाऱ्या, मोजता येण्याजोग्या खुणा. पाठीतून पाणी न काढता किंवा ऊतीचा तुकडा न घेता मिळणाऱ्या खुणांचाच येथे विचार केला आहे. सुरुवातीच्या काळात हे विकार अनुभवी मेंदूविकारतज्ज्ञालाही चकवतात. भेद लवकर कळणे रुग्णाच्या घरच्यांसाठी फार मोलाचे असते: लेव्होडोपा या औषधाने कंपवातात वर्षानुवर्षे गुण येतो, इतर दोहोंत सहसा थोडा किंवा अल्पकाळ, एमएसएत उभे राहताच रक्तदाब घसरतो, तर पीएसपीचा रुग्ण लवकरच तोल जाऊन पडू लागतो.

डोपामिनवाहक दाखवणारा डॅट स्कॅन या कामी जवळपास निरुपयोगी आहे. तिन्ही विकारांत तो बिघडलेलाच दिसतो. कंपवात की साधा वंशागत कंप, एवढेच तो चांगले सांगतो.

हृदयाचा एमआयबीजी स्कॅन अधिक बोलका आहे. कंपवातात हृदयापर्यंत पोचणारे अनुकंपी चेतातंतूच झिजतात, म्हणून शिरेतून दिलेले किरणोत्सारी द्रव्य हृदयात कमी शोषले जाते. एमएसएत बिघाड त्याआधीच्या टप्प्यावर असल्याने शोषण बहुधा टिकून राहते. मधुमेह, हृदयनिकामीपणा व काही नैराश्यविरोधी औषधे मात्र निकाल फसवा करतात. मधुमेही रुग्णांची मोठी संख्या पाहता भारतात ही सावधगिरी विशेष हवी.

पीएसपीत मध्यमेंदू आक्रसतो आणि एमआरआयच्या उभ्या छेदात हमिंगबर्ड पक्ष्याची आकृती उमटते. एमएसएत पॉन्स या मेंदूखोडाच्या भागात फुली दिसू शकते. दोन्ही खुणा पुष्कळदा उशिरा येतात, त्यामुळे त्या नसल्या म्हणून रोग नाही असे मानू नये. २००८ साली इटलीतील क्वात्रोने व सहकाऱ्यांनी मांडलेला निर्देशांक पॉन्स, मध्यमेंदू आणि लहान मेंदूला जोडणारे दांडे यांची मापे एकत्र करतो. पीएसपी वेगळा काढण्यास तो उपयुक्त ठरला आहे. उभ्या दिशेने नजर झटकन वळवण्याचा वेग पीएसपीत लवकर मंदावतो. तो कॅमेऱ्याने मोजता येतो, खाटेशेजारी नुसत्या डोळ्यांनीही पारखता येतो, आणि ही पारख कोणत्याही यंत्राआधी व्हायला हवी.

रक्तातील न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन एमएसए व पीएसपीत कंपवातापेक्षा चढे असते, असे २०१७ मध्ये दिसून आले. हात टोचण्यापलीकडे त्याला काही लागत नाही; पण त्या दोहोंना एकमेकांपासून ते वेगळे करत नाही.