पायविहीर ते पोहण्याचा तलाव

अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यात महिमापूर नावाचे लहानसे गाव आहे. तेथील पायविहीर प्रसिद्ध आहे. दगडी, चौकोनी, कित्येक मजले खोल. ऐंशीहून अधिक पायऱ्या उतरल्या की माणूस थेट पाण्याशी पोचतो. खारपाणपट्ट्याच्या या मुलखात पाण्यासाठी माणसांनी काय काय केले, हे त्या पायऱ्या सांगतात. तेथे सहल नेलीत तर इतिहासाच्या शिक्षकांबरोबर विज्ञानाच्या शिक्षकांनीही जावे.

रहाटाच्या विहिरीत फक्त बादली पाण्यात उतरते, पायविहिरीत माणूस उतरतो. या एवढ्याशा फरकावर एक रोग शतकानुशतके जगला. तो म्हणजे नारू. या कृमीची मादी हातभर किंवा त्याहूनही लांब असते. माणसाच्या पायाला फोड येतो, त्यात आग होते, म्हणून तो पाय पाण्यात बुडवतो. फोड फुटतो आणि हजारो अळ्या पाण्यात मिसळतात. सायक्लॉप्स नावाचा अगदी बारीक जलचर त्या गिळतो. ते पाणी कोणी प्याले की पोटातल्या आम्लात सायक्लॉप्स मरतो, अळी मात्र सुटते. साधारण वर्षभराने त्या माणसाच्या पायाला फोड येतो.

रशियन संशोधक फेडचेंको यांनी १८७० च्या सुमारास सायक्लॉप्सचा धागा शोधला. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेत डॉ. तुरखुड यांनी प्रयोगाने दाखवले, की बाधित सायक्लॉप्स पोटात गेले की माणसाला नारू होतो. रोगाची वाट कळली, म्हणजे ती अडवायची जागाही कळली. तरी देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम सुरू व्हायला १९८३-८४ साल उजाडले. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. नारूवर ना लस होती, ना खात्रीचे औषध. पायऱ्या बंद करा, विहिरीला कठडा बांधा, हातपंप बसवा, पाणी फडक्याने गाळा, सायक्लॉप्स मारायला टेमेफॉस टाका, एवढीच शस्त्रे होती. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. गवंड्याने जिंकलेली लढाई, असे मी याला गमतीने म्हणतो.

पण माणसाची पाण्यात उतरण्याची हौस थोडीच जाते! वऱ्हाडात आमच्या पिढीपर्यंत पोहणे शिकायचे ते मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून. शहरांत तलाव आले. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी लावलेल्या आखाड्याच्या रोपट्याचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. तेथे कुस्ती-मल्लखांबाबरोबर पोहणेही शिकवले जाऊ लागले.

तलाव म्हणजे, तसे पाहिले तर, पुन्हा पायविहीरच. माणूस पाण्यात उतरतो आणि त्यातले थोडे पाणी त्याच्या तोंडातही जाते. येथे कठडा बांधून भागत नाही, म्हणून क्लोरीन. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या तलावात तो १९१० च्या सुमारास वापरला गेला. आपल्याकडे विहिरीत पडते ती टीसीएल पावडर याच कुळातली.

तलावाला उग्र वास आला, डोळे चुरचुरले, की लोक म्हणतात, ‘आज क्लोरीन फार टाकला.’ बहुतेक वेळा उलटे असते. घाम आणि लघवीतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, वास त्यांचा. जंतू मारायला लागणारा मुक्त क्लोरीन तेव्हा संपत आलेला असतो.

दुसरा शत्रू ऊन. अकोल्याचा मे महिना मी काय वर्णावा! सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पाण्यातला मुक्त क्लोरीन फुटतो आणि उघड्या तलावात भर दुपारी तासा-दोन तासांत त्याचा मोठा भाग नाहीसा होऊ शकतो. वर्गात हे सहज दाखवता येईल. पाण्यात टीसीएलचे किंचित द्रावण मिसळा, दोन सारख्या पारदर्शक बाटल्या भरा, एकीला काळा कागद गुंडाळा आणि दोन्ही तासभर उन्हात ठेवा. मग दोन्हींचे थोडे थोडे पाणी घेऊन त्यात पोटॅशियम आयोडाइड व स्टार्च घाला. जेथे क्लोरीन उरला तेथे निळा रंग गडद येईल.

पिण्याच्या पाण्याचे बरे आहे. क्लोरोस्कोप घेऊन ग्रामपंचायतीचा माणूस येतो, नोंद होते. तलावाच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. ३३२८ हे मानक आहे, पण मानक म्हणजे कायदा नव्हे. ते कोणी, किती वेळा तपासायचे, हे बरेचसे तलाव चालवणाऱ्याच्या शिस्तीवर राहते.

मध्यंतरी वऱ्हाडातल्याच एका तलावावर मी नोंदवही मागितली. व्यवस्थापकांनी कौतुकाने दाखवली. रोज पहाटे, क्लोरीन टाकल्यावर लगेच घेतलेले माप. एकही दिवस चुकलेला नव्हता. मुलांचा वर्ग दुपारी चारला भरतो, तेव्हाचे माप कुठे आहे, असे मी विचारले. त्यांनी वही उलटसुलट चाळली. त्या वेळेचा रकानाच आखलेला नव्हता.