निवडणुकीपूर्वींची निवडणूक

मत देण्याचा अधिकार मिळाला म्हणजे राज्यकारभारांत आपला वाटा मिळाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु मतपत्रिकेवर कोणतीं नांवें यावयाचीं हें आधींच कोणीं तरी ठरविलेलें असतें. आपल्याकडे पक्षश्रेष्ठी तें ठरवितात व आपण त्यास 'तिकीट देणें' म्हणतों. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत हें काम विसाव्या शतकाच्या आरंभापासून हळूहळू मतदारांकडे आलें, आणि त्याबरोबरच एक वादही आला. पक्षाचा उमेदवार निवडावयास कोणीं यावें? फक्त पक्षाच्या माणसांनीं, कीं वाटेल त्यानें?

या सुधारणेचा अध्वर्यु विस्कॉन्सिन राज्यांतील रॉबर्ट ला फॉलेट. १८९६ व १८९८ सालीं त्यानें गव्हर्नरपदासाठीं रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागितली आणि दोन्ही वेळां पक्षाच्या परिषदेंत तो हरला. परिषदेस जमणारे प्रतिनिधी धनिक पुढाऱ्यांच्या मुठींत असतात, असें त्याचें म्हणणें होतें. पुढें १९०० सालीं तो गव्हर्नर निवडून आला. १९०३ सालीं प्राथमिक निवडणुकीचा कायदा झाला, १९०४ सालीं लोकांनीं सार्वमतानें तो उचलून धरला व १९०६ सालीं त्याप्रमाणें पहिली निवडणूक झाली. गंमत अशी कीं, त्याच निवडणुकींत ला फॉलेटनें पाठिंबा दिलेल्या लेनरूट यास मतदारांनीं पाडलें व डेव्हिडसन यास उमेदवारी दिली. कायदा खरा होता याचा याहून चांगला दाखला तो कोणता!

विस्कॉन्सिनची पद्धत 'खुली' होय. मतदारास आपला पक्ष कोठेंच नोंदवावा लागत नाहीं. मतपत्रिकेवर सर्व पक्षांचे रकाने असतात. पडद्याआड त्यानें कोणताही एक निवडावा. उलट न्यूयॉर्कची पद्धत 'बंदिस्त'. तेथें मतदार-नोंदणीच्या वेळींच पक्ष लिहून द्यावा लागतो, आणि ज्यानें पक्ष लिहिला नाहीं त्यास प्राथमिक निवडणुकींत मत नाहीं. २०१६ च्या एप्रिलमधील निवडणुकीसाठीं पक्ष बदलण्याची मुदत आदल्या ऑक्टोबरमध्येंच संपली होती. डोनाल्ड ट्रंप यांच्या दोन मुलांची ती चुकली, व त्यांस आपल्या वडिलांनाच मत देतां आलें नाहीं. २०१९ मध्यें कायदा बदलून ही मुदत अलीकडे आणण्यांत आली.

बंदिस्त पद्धतीच्या कैवाऱ्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. ज्यांस पक्षाचीं तत्त्वें मान्य नाहींत त्यांनीं त्याचा पुढारी कां ठरवावा? दार उघडें ठेवलें तर प्रतिपक्षाचे लोक घुसून मुद्दाम दुबळा उमेदवार निवडतील, ही भीतिही त्यांच्या मनांत असते. पक्ष ही स्वेच्छेनें जमलेल्या माणसांची संस्था आहे, आणि आपल्यांत कोणास घ्यावें हें तिनेंच ठरवावें. हा युक्तिवाद मलाही बरीच वर्षें बिनतोड वाटत असे. टेक्सासचा इतिहास वाचला तेव्हां मात्र मी थबकलों.

टेक्साससारख्या दक्षिणेकडील राज्यांत त्या काळीं डेमॉक्रॅटिक पक्षाचें इतकें प्राबल्य होतें कीं, त्याची प्राथमिक निवडणूक जिंकणारा नोव्हेंबरमध्यें निवडून आल्यासारखाच होता. १९२३ सालीं तेथील विधिमंडळानें कायदा केला कीं, कृष्णवर्णीयांस या निवडणुकींत मत नाहीं. नोव्हेंबरचें मत त्यांस होतें. पण तोंवर निवडण्यासारखें कांहीं उरतच नसे. एल पासो येथील डॉ. लॉरेन्स निक्सन यांस १९२४ सालीं मतदानकेंद्रावरून परत पाठविण्यांत आलें. ते न्यायालयांत गेले व १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा घटनाबाह्य ठरविला. विधिमंडळानें लगेच तोच अधिकार पक्षाच्या कार्यकारिणीस देऊन टाकला. निक्सन पुन्हां न्यायालयांत गेले व १९३२ सालीं पुन्हां जिंकले. तेव्हां पक्षाच्या परिषदेनेंच कृष्णवर्णीयांस बंदी करणारा ठराव केला. आणि १९३५ सालीं न्यायालयानें एकमतानें सांगितलें कीं, पक्ष ही खाजगी संस्था असून तिच्या ठरावाशीं घटनेचा संबंध नाहीं. वर दिलेला तोच बिनतोड युक्तिवाद!

तो मोडण्यास आणखी नऊ वर्षें लागलीं. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांचा खटला थर्गुड मार्शल यांनीं लढविला. हेच पुढें सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. १९४४ सालीं निकाल लागला कीं, जी निवडणूक राज्याच्या यंत्रणेचा भाग आहे ती पक्षाच्या नांवावर खाजगी होत नाहीं. तरीही त्याच टेक्सासांतील फोर्ट बेंड परगण्यांत 'जेबर्ड' नांवाची गोऱ्यांची मंडळी प्राथमिक निवडणुकीच्याही आधीं आपली स्वतंत्र निवडणूक घेत राहिली. ती १९५३ सालीं बंद पडली.

वर्णभेदाची ही वाट बुजली, तरी पक्षाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा जिवंत राहिला. विस्कॉन्सिनच्या खुल्या निवडणुकीचा कौल आपल्या प्रतिनिधींवर बंधनकारक नाहीं, असा हट्ट डेमॉक्रॅटिक पक्षाच्या मध्यवर्ती संस्थेनें धरला, आणि १९८१ सालीं न्यायालयानें तो मान्य केला. राज्याच्या बाजूनें त्या खटल्यांत ज्याचें नांव आहे तो ॲटर्नी जनरल ब्रॉन्सन ला फॉलेट, म्हणजे रॉबर्टचाच नातू. आजोबांनीं उघडलेलें दार राखण्याचें काम नातवाकडे आलें, आणि तो हरला.

कॅलिफोर्नियानें मग तिसराच मार्ग काढला. २०१० सालीं तेथील मतदारांनीं ठरविलें कीं, अध्यक्षपद सोडून राज्याच्या व काँग्रेसच्या जागांसाठीं सर्व पक्षांचे उमेदवार एकाच यादींत यावे, मत सर्वांनीं द्यावें, आणि पहिले दोघे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, नोव्हेंबरमध्यें एकमेकांसमोर उभे राहावे. २०१२ सालीं सॅन बर्नार्डिनोकडील एका मतदारसंघांत चार डेमॉक्रॅट व दोन रिपब्लिकन उभे होते. चौघांत मतें विभागलीं व दोघे रिपब्लिकन पुढें गेले. त्याच मतदारसंघानें नोव्हेंबरमध्यें अध्यक्षपदासाठीं ओबामांस बहुमत दिलें, आणि त्याच दिवशीं काँग्रेसच्या जागेसाठीं त्याच्यापुढें दोन रिपब्लिकनांखेरीज तिसरें नांव नव्हतें.