न्यायासन आणि सरकारी लगाम



कायद्याचा इतिहास वकिलांनी आणि प्राध्यापकांनी सांगावा, अशी रीत आहे. मी कामगार संघटनेचा माणूस. पण कोर्टाची पायरी ज्याला वरचेवर चढावी लागते, त्याला एक प्रश्न टाळता येत नाही. समोर बसलेल्या न्यायाधीशाची बदली, बढती आणि शिक्षा कोणाच्या हाती आहे? तालुक्याच्या कोर्टाचा इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरत आला आहे.

बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने १७९३ साली कलेक्टरकडून न्यायदानाचे काम काढून घेतले. जो सारा वसूल करतो, त्यानेच साऱ्याच्या तक्रारीचा निवाडा करू नये, हे त्यामागचे तत्त्व होते. परंतु राज्य चालवायला एकच हात बरा, असे कंपनी सरकारला वाटू लागले आणि बेंटिंकच्या अमदानीत, १८३१ साली, मॅजिस्ट्रेटचे काम कलेक्टरकडे आले.

आपल्याकडे मामलेदार हा याच पद्धतीचा तालुक्यातला प्रतिनिधी. सारावसुली त्याच्याकडे आणि फौजदारी खटलेही त्याच्याकडेच. १८९८ च्या फौजदारी संहितेप्रमाणे दुसऱ्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट सहा महिन्यांची कैद आणि दोनशे रुपये दंड ठोठावू शके. त्याच्यापुढील खटला काढून घेण्याचा अधिकार मात्र जिल्हा मॅजिस्ट्रेटला, म्हणजे कलेक्टरला होता. ज्याच्या शेऱ्यावर बढती अवलंबून, त्याच्या मर्जीविरुद्ध निकाल किती जण देतील?

या पद्धतीचे खरे रूप क्रॉफर्ड प्रकरणात दिसले. ज्याच्या नावाने मुंबईची मंडई ओळखली जात असे, तो आर्थर क्रॉफर्ड पुढे कमिशनर झाला. १८८८ साली लाचखोरीच्या आरोपावरून त्याच्यावर चौकशी आयोग बसला. बदली-बढतीसाठी आपण पैसे दिले, असे अनेक मामलेदारांनी सरकारकडून अभय घेऊन सांगितले. आयोगाने लाचेचा आरोप सिद्ध मानला नाही; हाताखालच्या माणसांकडून कर्जे काढल्याबद्दल मात्र क्रॉफर्डची नोकरी गेली. मग गदा आली ती मामलेदारांवर. पैसे मोजून जागा मिळवणाऱ्यांनी न्यायासनावर कसे बसावे, असा आक्षेप निघाला आणि काहींना घरी बसावे लागले. सरकारने दिलेला शब्द मोडला म्हणून टिळकांनी १८८९ साली पुण्याच्या जाहीर सभेत त्यांची बाजू घेतली. टिळकांचे म्हणणे रास्त होते आणि तो आक्षेपही खोटा नव्हता. कारण बदलीसाठी साहेबाच्या दारात उभा राहणारा आणि गरिबाला तुरुंगात धाडणारा माणूस एकच होता.

ही दोन्ही कामे वेगळी करा, असा ठराव काँग्रेसने १८८६ सालीच केला होता. तो अमलात यायला स्वराज्य यावे लागले. राज्यघटनेच्या ५० व्या कलमाने ते राज्याचे धोरण ठरवले. मुंबई राज्याने १९५१ साली तसा कायदा करून १९५३ पासून तो लागू केला आणि १९७४ पासून ही व्यवस्था देशभर आली. घटनेच्या २३५ व्या कलमाने खालच्या कोर्टांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिले. तरीही पश्चिम बंगाल सरकारने नृपेंद्रनाथ बागची या न्यायाधीशाची चौकशी आपल्याच अधिकाऱ्यामार्फत करून त्याला बडतर्फ केले. नियंत्रण म्हणजे शिस्तभंगाच्या चौकशीचाही अधिकार, आणि तो उच्च न्यायालयाचाच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली बजावले.

कामगाराच्या बाबतीत सरकारचा हात आणखी एका ठिकाणी होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली तंटा कामगार न्यायालयाकडे जाण्यास सरकारचा हुकूम लागत असे. न्यायालय होते, न्यायाधीश होता. पण दाराची किल्ली सचिवालयात होती. काढून टाकलेल्या कामगाराला समेटाच्या प्रयत्नानंतर थेट दाद मागण्याची वाट त्या कायद्यात २०१० साली झाली.

दार उघडले तरी आत बोलायला वकील हवा. १९७८ साली, महाराष्ट्रातून गेलेल्या होस्कोट खटल्यात, गरीब कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळणे हा त्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो १९९५ साली अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतील माणसे यांच्याबरोबर औद्योगिक कामगारालाही उत्पन्नाची अट न घालता त्यात मोफत वकील मिळतो. जिल्ह्यातील प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर नसून जिल्हा न्यायाधीश असतो. १८८६ च्या ठरावामागचे तत्त्व येथेही पाळले गेले आहे.

मग भांडण संपले काय? नाही. जमावबंदीचा हुकूम आजही कार्यकारी दंडाधिकारीच काढतो. न्यायाधीशाचा पगार, कोर्टाची इमारत, कारकून, मोफत वकिलाची फी हे सारे सरकारी तिजोरीतून येते. ते तिथूनच आले पाहिजे. न्याय ही काही धर्मादाय बाब नव्हे. पण पैसा रोखून धरणे हाही एक लगामच आहे. न्यायाधीश स्वतंत्र असून खुर्चीच रिकामी असेल, तर त्या स्वातंत्र्याचा पक्षकाराला काय उपयोग?

म्हणून माझे सांगणे एवढेच. आपल्या तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीशांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि मोफत वकिलाची फी वेळेवर दिली जाते की नाही, हे आपण विचारले पाहिजे. सरकारने कोर्टाला पैसा द्यावा, हुकूम देऊ नये. आणि तो पैसा पोचतो की नाही, यावर नजर ठेवण्याचे काम नागरिकांचे आहे.