लहान ट्रॅक्टरसाठी रोटाव्हेटर : निवड आणि जोडणी

चेन्नईतील गिंडी हा परिसर अभियांत्रिकी महाविद्यालय, राष्ट्रीय उद्यान आणि १९५८ मध्ये उभारण्यात आलेली औद्योगिक वसाहत यांमुळे सर्वत्र परिचित आहे. या परिसरालगतच्या सैदापेट येथे १८६० च्या दशकात मद्रासचे तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांच्या पुढाकाराने सरकारी प्रायोगिक शेत सुरू झाले होते. त्यासाठी इंग्लंडहून वाफेवर चालणारे नांगर व अन्य अवजारे मागविण्यात आली होती. सैदापेटचे कृषी विद्यालय १९०६ मध्ये कोइमतूरला हलविण्यात आले आणि त्यातूनच पुढे तामिळनाडू कृषी विद्यापीठ आकारास आले. वाफेचे नांगर मात्र तेथील रयतेच्या लहान लहान शेतांत कधी रुजले नाहीत. अवजार शेताच्या आकाराला, जमिनीच्या प्रकृतीला आणि ओढणाऱ्या शक्तीला साजेसे आहे काय, हा प्रश्न त्या काळी होता तसाच लहान ट्रॅक्टर व रोटाव्हेटर घेणाऱ्या शेतकऱ्यापुढे आजही असतो.

रोटाव्हेटर म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या शक्तीवर फिरणाऱ्या पात्यांनी माती कापून भुसभुशीत करणारे अवजार. ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये न्यू साउथ वेल्समधील गिलगँड्रा येथे त्याचे पहिले प्रयोग केले. नांगरटीत जमीन दबते, ती दबू नये, हा त्यांचा हेतू होता. १९३८ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये उत्पादन सुरू केले. रोमन लिपीत हे नाव उलट वाचले तरी तेच राहते. देवनागरीत ही गंमत उरत नाही आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तर त्याला सरळ ‘रोटर’च म्हणतात.

महाराष्ट्रात नाशिक व सांगली परिसरातील द्राक्षबागांत आणि विदर्भातील संत्राबागांत लहान ट्रॅक्टर विशेष उपयुक्त ठरले आहेत, कारण दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर वळविणे अवघड असते. अशा ट्रॅक्टरांची शक्ती साधारणपणे १५ ते २७ अश्वशक्ती असते. तथापि ही इंजिनाची शक्ती होय. रोटाव्हेटरला मिळते ती पीटीओ शाफ्टवरील शक्ती, आणि ती इंजिनाच्या शक्तीच्या सुमारे ८५ टक्के भरते. म्हणून विक्रेत्याने सांगितलेल्या अश्वशक्तीऐवजी पुस्तिकेतील पीटीओ शक्तीचा आकडा पाहावा. साधारण १८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला ८० सेंटिमीटर ते १ मीटर आणि २४ ते २७ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला सुमारे १.२ मीटर रुंदीचा रोटाव्हेटर झेपतो. भारी काळ्या जमिनीत यातील कमी रुंदीच स्वीकारावी.

रुंदीची दुसरी कसोटी मागील चाकांची आहे. रोटाव्हेटरची रुंदी दोन्ही चाकांच्या बाहेरील कडांपेक्षा किंचित अधिक असावी, अन्यथा चाकाखाली दबलेला पट्टा तसाच राहतो. इतकी रुंदी शक्तीला परवडत नसेल, तर अवजार एका बाजूला सरकवून बसविता येते काय, याची चौकशी करावी. वजनाकडेही दुर्लक्ष करू नये. हायड्रोलिक लिफ्टने अवजार उचलले तरी त्या वजनाने पुढील चाके हलकी होऊन स्टिअरिंग सुटते. अशा वेळी पुढे वजने लावावी लागतात.

पात्यांचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची पाती पिकाचे अवशेष व तण असलेल्या जमिनीत चांगली चालतात, तर सी आकाराची, अधिक वळणदार पाती कठीण किंवा भारी ओलसर जमिनीत सहज शिरतात. पात्यांत डावी व उजवी असा भेद असतो. ती रोटरवर मळसूत्री क्रमाने बसविलेली असतात, जेणेकरून सर्व पाती एकाच वेळी जमिनीवर आदळू नयेत. पाती बदलताना हा क्रम चुकल्यास यंत्र थरथरते आणि त्याचा मार गिअरबॉक्सला बसतो. धारेची कड फिरण्याच्या दिशेने पुढे असावी. नवीन पात्यांचे बोल्ट पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळणे आवश्यक आहे.

सर्वाधिक चुका पीटीओ शाफ्टच्या जोडणीत होतात. हा शाफ्ट एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो आणि अवजार वर-खाली होताना त्याची लांबी बदलते. अवजाराबरोबर आलेला शाफ्ट प्रत्येक ट्रॅक्टरला नेमका बसेलच असे नाही. लहान ट्रॅक्टरला तो बहुधा लांब पडतो. लांब शाफ्ट तसाच जोडल्यास अवजार उचलताना तो दोन्ही टोकांवर रेटतो आणि ट्रॅक्टरचे बेअरिंग किंवा रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स फुटतो. म्हणून अवजार थ्री पॉइंट लिंकेजला जोडून सावकाश वर-खाली करावे आणि दोन टोकांमधील अंतर कोणत्या स्थितीत सर्वांत कमी होते, ते मोजावे. त्या स्थितीतही नळीला सरकण्यास सुमारे अडीच सेंटिमीटर जागा उरली पाहिजे आणि अंतर सर्वाधिक असताना नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीइतक्या गुंतलेल्या राहिल्या पाहिजेत. कापायचे झाल्यास दोन्ही नळ्या व त्यांवरील प्लॅस्टिकची आवरणे सारख्याच मापाने कापावीत, कडा कानशीने घासाव्यात आणि ग्रीस लावावे. दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत आहेत, याची खात्री करावी.

त्यानंतर वरच्या दुव्याची लांबी अशी ठेवावी की, काम करताना गिअरबॉक्सचा शाफ्ट ट्रॅक्टरच्या पीटीओला समांतर राहील. शेताच्या टोकाला वळताना पीटीओ बंद करूनच अवजार उचलावे. घाईत ही सवय सुटते आणि जोडावरील क्रॉस तुटतो. काही लहान ट्रॅक्टरांना पीटीओच्या एकाहून अधिक गती असतात. ५४० फेऱ्यांसाठी बनविलेला रोटाव्हेटर त्याहून वरच्या गतीवर चालवू नये.

माती किती बारीक होईल, हे रोटरची गती आणि ट्रॅक्टरचा वेग यांवर ठरते. रोटर मिनिटाला २०० फेरे घेत असेल आणि ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटर चालत असेल, तर एका फेऱ्यात ट्रॅक्टर २५ सेंटिमीटर पुढे जातो. एका चकतीवर तीन डावी व तीन उजवी पाती असल्यास प्रत्येक पाते सुमारे ८ सेंटिमीटरचा काप घेते. वेग निम्मा केल्यास काप निम्मा होतो. मागील फळी खाली ठेवल्यास ढेकळे फळीवर आदळून अधिक बारीक होतात, वर केल्यास माती भरड राहते. एक मीटर रुंदीच्या अवजाराने या वेगाने तासाला सुमारे ३० गुंठ्यांचा हिशेब निघतो; वळणे धरता प्रत्यक्षात काम त्याहून कमी होते.

खोली बाजूच्या पट्ट्यांनी ठरवावी. १० ते १५ सेंटिमीटर पुरेशी असते. बागेत तर ती याहूनही कमी ठेवावी, कारण संत्र्याची व द्राक्षाची अन्न शोषणारी मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात. वाफसा नसताना रोटाव्हेटर घालणे हे सर्वांत महागात पडते. मूठभर माती दाबल्यावर तिचा चिकट गोळा होऊन तो फुटत नसेल, तर काम थांबवावे. ओल्या काळ्या मातीत पाती खालचा थर लिंपून टाकतात. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर रोटाव्हेटर फिरविल्यास तेथे कडक थर तयार होतो, पाणी मुरत नाही आणि मुळे खाली जात नाहीत. जमीन दबू नये म्हणून जन्मास आलेल्या अवजाराच्या वाट्याला हा दोष यावा, हे विचित्रच. काही वर्षांच्या अंतराने खोल नांगरट किंवा सबसॉयलर वापरणे, हा त्यावरील उपाय आहे.

५४० फेऱ्यांच्या गतीने शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो. धोतराचा सोगा, पदर किंवा ओढणी त्यात अडकल्यास हात मागे घेण्यासही अवधी मिळत नाही. शाफ्टवरील आवरण काढून अवजार चालवू नये, मागे कोणी चालू नये आणि रोटरमध्ये अडकलेले गवत अथवा तार काढण्यापूर्वी इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. अवजार केवळ हायड्रोलिकवर उचललेले असताना त्याखाली हात घालू नये. खाली ठोकळे लावावेत.

खरेदीपूर्वी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचा अथवा अन्य मान्यताप्राप्त चाचणी केंद्राचा अहवाल विक्रेत्याकडे मागावा. सरकारी अनुदान घ्यायचे असल्यास नियम व दर प्रथम कृषी विभागाकडून जाणून घ्यावेत आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच रक्कम भरावी. पाती, बेअरिंग आणि ऑइल सील तालुक्याच्या ठिकाणी मिळतात काय, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.